शनिवार तेली आणि सोमवार तेली

(आळंदी येथे भरलेल्या आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यांतून संताजी महाराज जगनाडे यांच्या चरित्रावर, शिक्षणनिधीवर आणि वधूवरसूचीवर भाषणे होत असतात, आणि ती व्हावयासच हवीत. आज मात्र आम्ही आपणांस सह्याद्रीच्या पलीकडे, अलिबागच्या किनाऱ्यावर नेणार आहोत. तेथे एके काळी आपलाच धंदा करणारी आणि आपलीच मराठी बोलणारी एक जमात गावोगाव पसरलेली होती. लोक तिला शनिवार तेली म्हणत. ती मंडळी ज्यू, म्हणजे यहुदी होती. स्वतःस ती बेने इस्रायल, म्हणजे इस्राएलची लेकरे, असे म्हणवीत असत.

कोकणात तेली दोन प्रकारचे मानले जात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, म्हणजे आपण. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली, म्हणजे हे यहुदी. दोघांचा घाणा सारखा, लाट सारखी, बैलाच्या डोळ्यांवरची झापड सारखी. तीळ, खोबरे आणि उंडीचे बी दोघेही गाळीत. गावकऱ्यांनी दोघांत भेद केला तो कोणता दिवस कोण काम करीत नाही यावरून. माणसाची ओळख त्याच्या कामावरून व्हावी हा जगाचा रिवाज आहे. येथे ती न केलेल्या कामावरून झाली. आमच्या आजच्या बोलण्याचा धागा तो हाच.

या जमातीची परंपरा अशी सांगते, की फार प्राचीन काळी यहुद्यांचे एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या खडकांवर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरले. ती जागा तेथे आजही दाखवितात. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्राने नेले. इतिहासकार या कथेच्या कालाविषयी वाद घालतात, त्यात आपण पडावयास नको. निर्विवाद गोष्ट एवढी, की शेकडो वर्षे ही मंडळी आपल्या धर्मबांधवांपासून तुटून कोकणात राहिली. त्यांची हिब्रू भाषा गेली. त्यांच्यापाशी पोथी नव्हती, धर्मगुरू नव्हता, देऊळ नव्हते. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, रोह्याचे ते रोहेकर, अशी आडनावे पडली. पोशाख आपला, भाषा आपली. विधवेच्या पुनर्विवाहाचा निषेधही आपल्या शेजाऱ्यांसारखाच.

मग राहिले काय? अगदी थोडे राहिले. मुलाची सुंता आठव्या दिवशी करावयाची. खवले आणि पर असलेलाच मासा खावयाचा. देव एक आहे असे सांगणारे ‘शेमा’ नावाचे हिब्रू वचन जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी म्हणावयाचे. आणि शनिवारी घाणा बंद.

या घाणा बंद ठेवण्याकडे आपण तेली म्हणून जरा बारकाईने पाहू. यहुदी धर्माच्या दहा आज्ञांपैकी एक अशी आहे, की सहा दिवस कष्ट करावे आणि सातवा विश्रांतीचा पवित्र दिवस म्हणून पाळावा. त्याला ते शब्बाथ म्हणतात. ही विश्रांती घरधन्यापुरती नसते. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, दाराशी आलेला परका आणि गोठ्यातील बैल या सर्वांना ती सांगितलेली आहे. बैलाचा उल्लेख तेथे स्पष्ट आहे. त्यांच्या शास्त्रकारांनी पुढे एकोणचाळीस प्रकारची कामे त्या दिवशी वर्ज्य ठरविली. त्यांत विस्तव पेटविणे आले, दळणे आले, आणि पिळून रस वा तेल काढणेही आले. नवगावच्या तेल्याला हे एकोणचाळीस प्रकार ठाऊक असण्याचा संभव नाही. बापाने शनिवारी बैल जुंपला नाही म्हणून त्यानेही जुंपला नाही, इतकेच.

आपल्या आजोबांनीही सोमवारी बैल जुंपला नाही. सोमवार शंकराचा, आणि बैल शंकराचा नंदी. त्याच्या धन्याच्या वारी त्याला सुट्टी. दोन अगदी निराळ्या धर्मांतून निघालेली वाट एकाच गोठ्यात येऊन थांबते याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. (जाता जाता एक गंमत. शनिवारी मारुतीला तेल वाहावयाचे, आणि नेमका शनिवारीच यांचा घाणा बंद! त्या गावांतील भाविकांना शुक्रवारीच तेल आणून ठेवावे लागत असेल.)

तेल्याचा धंदा त्या काळी मानाचा नव्हता, हेही येथे सांगून टाकावे. सकाळी तेली आडवा आला तर अपशकुन, हे आपल्या वाडवडिलांनी ऐकलेले आहे. शनिवार तेल्यांनाही हीच वागणूक मिळे. अशा स्थितीत आपली खूण पुसून टाकण्याचा मोह माणसास होतो. तो न होता शनिवारची खूण टिकून राहिली, आणि एक दिवस तिचा उपयोग झाला. परंपरा सांगते, की डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. हे लोक खरेच आपल्यापैकी आहेत काय याची परीक्षा पाहावी म्हणून त्याने घरातील स्त्रियांपुढे सर्व प्रकारचे मासे ठेवून ते रांधावयास सांगितले. बायकांनी पर व खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून तयार केले; त्यांना काजी म्हणू लागले. आमच्या भगिनींनी येथे लक्ष द्यावे. परीक्षा स्वयंपाकघरात झाली, आणि ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते त्या स्त्रिया तीत उत्तीर्ण झाल्या. पुरुषांचे शिक्षण त्यानंतर सुरू झाले.

अठराव्या शतकापासून ही मंडळी घाणा सोडून मुंबईस आणि इंग्रजांच्या पलटणीत जाऊ लागली. अशाच एका लष्करी घराण्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी इ. स. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दलचा तो नवस होता असे सांगतात. मंदिराचे नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार. त्यानंतर अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण, ठाणे अशी मंदिरे उभी राहिली. आपल्या पुण्याच्या रास्ता पेठेत त्यांचे सुक्कथ शेलोमो मंदिर १९२१ पासून आहे. लष्कर भागातील उंच मनोऱ्याचे तांबडे ‘लाल देऊळ’ आपण पाहिले असेल. ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या धनाढ्य यहुद्याने बांधविलेले, १८६७ मध्ये पुरे झालेले. रास्ता पेठेतील मंदिर मात्र मराठी माणसांचे आहे.

घाणा सुटला, नोकरी आली. आता शनिवारचे काय करावयाचे? सरकारी कचेरीला सुट्टी रविवारी. रेल्वेला, पोस्टाला, पलटणीला शनिवार म्हणजे कामाचा दिवस. येथे बेने इस्रायलांनी जे केले ते आम्हांस विचार करण्यासारखे वाटते. पुष्कळांनी शनिवारी कामावर जाणे पत्करले. पोट होते, मुले होती. कडव्या शास्त्र्याने त्यांना दोष दिला असता. परंतु यहुद्यांचा दिवस आदल्या सायंकाळी, सूर्यास्ताला सुरू होतो. शनिवार कचेरीने घेतला, तरी शुक्रवारची संध्याकाळ घराच्या मालकीची होती. ती त्यांनी सोडली नाही.

ही संध्याकाळ कशी असते ते आमच्या एका बेने इस्रायल स्नेह्याच्या घरी आम्ही पाहिलेले आहे. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सूर्यास्तापूर्वी घर झाडून स्वच्छ करतात, दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाकही उरकून ठेवतात. गृहिणी डोक्यावर पदर घेऊन दिवे लावते. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. मग काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबताचा पेला हाती घेऊन घरातील पुरुष आशीर्वचन म्हणतो. द्राक्षाचा मद्यार्क कोकणात मिळत नसे म्हणून मनुकांचे सरबत आले, ते अद्याप चालू आहे. नंतर पोळीचा तुकडा मिठाला लावून सर्वांना वाटतात. सारा विधी अर्ध्या तासात आटोपतो. भटजी लागत नाही, वर्गणी लागत नाही, मांडव लागत नाही. त्या गृहस्थांना आम्ही विचारले, की तिन्ही पाळ्यांच्या नोकरीत हे जमले कसे? ते म्हणाले, “दुसरी पाळी असली की मी नसायचो. पण दिवा लागायचा. रात्री साडेअकराला घरी आलो की वात जळत असायची, आणि आज शुक्रवार आहे हे मला कळायचं.”

स्वयंपाकाचेही तसेच. मांसाबरोबर दूध वा लोणी चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्श्यात नारळाचे दूध. नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. सणांची नावे तर थेट आपल्या अंगणातून उचललेली: नव्याचा सण, दरफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे, असा तो बिरड्याचा सण. नवस फेडताना अथवा शुभकार्यात ‘मलिदा’ करतात: गोड पोहे, ओले खोबरे, वर फळे, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण. अलिबागजवळ खंडाळ्याच्या एका खडकावर याच प्रेषिताच्या रथाच्या खुणा ते दाखवितात. जगातील इतर यहुदी हा मलिदा जाणत नाहीत. कोकणची भूमी आणि त्यांचे शास्त्र यांच्या लग्नाचे ते अपत्य आहे.

आम्हांस सर्वांत अधिक मोलाचा वाटतो तो वल्हांडणाचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले त्याची ही आठवण. त्या रात्री जेवणाला बसल्यावर घरातील सर्वांत धाकट्या मुलाने वडिलांना प्रश्न विचारावयाचे असा नियमच आहे: आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? आज बिनखमिराची भाकर का? कडू भाजी का? आणि वडिलांनी पोथीवरून सगळी कथा सांगून उत्तर द्यावयाचे. ‘हग्गादा’ नावाची ही पोथी इ. स. १८७४ मध्ये आपल्या पुण्यात छापली गेली, हिब्रू आणि मराठी भाषांत. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका भाकरी करताना दाखविल्या आहेत. ग्रंथ समुद्रात गमावलेल्या जमातीला तिची पोथी परत मिळाली, ती मराठीतून. हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यासाठी जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी आयुष्य वेचले.

आता आपल्या घरांकडे पाहा. मुलगा विचारतो, “आज एकादशी म्हणजे काय? आपण का उपास करायचा?” आपण म्हणतो, “करायचा म्हणून करायचा, गप बस.” दुसऱ्यांदा तो विचारीत नाही. तिसऱ्यांदा तो करीतही नाही. मग आपण येथे आळंदीस येऊन नव्या पिढीला काही राहिले नाही अशी भाषणे करतो. प्रश्न विचारण्याला विधीतच जागा ठेवणाऱ्यांचे चातुर्य आपण घेण्याजोगे आहे. संताजी महाराजांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले असे आपण अभिमानाने सांगतो. ते त्यांनी का लिहिले, तेल्याच्या मुलाला लिहिता कसे येत होते, हे आपल्या मुलांनी कधी विचारले आहे काय? विचारले तर उत्तर देण्याची आपली तयारी आहे काय?

आळंदीत बसून कीर्तनाचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल तरुणांनी हिंदू कीर्तने ऐकली आणि आपल्या कथा याच पद्धतीने सांगाव्या असे ठरविले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यात रचली गेली, आपल्याच चालींवर, पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणाने गायिली गेली. उसने घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्या गावी ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये समाधी घेतली त्या गावचे हे लेणे इतक्या दूर आणि इतक्या निराळ्या धर्मात पोचले, ही आपल्याही अभिमानाची गोष्ट आहे.

सारेच गोड होते असे मात्र नाही, आणि पाहुण्यांचे कौतुक करताना त्यांचे दोष लपवू नयेत. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते. ज्यांची आई बाहेरची, त्यांच्या संततीला काळे ठरवून पिढ्यान् पिढ्या बेटीव्यवहार बंद ठेवला होता. या अन्यायाची परतफेड त्या समाजास फार विचित्र रीतीने मिळाली. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे इस्रायल देशात गेली, आणि तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्याच यहुदीपणाविषयी शंका काढली. विवाहापूर्वी वंशाची चौकशी करू लागले. या मराठी माणसांनी तेथे निदर्शने केली, ठाण मांडले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेकडून आपण पूर्ण यहुदी असल्याचे मान्य करवून घेतले. आपल्याच जातीत माणसांना खालचे ठरविणाऱ्यांस ‘तुम्ही खालचे’ हे शब्द ऐकावे लागले. आपल्या वधूवरसूचीत ‘फक्त अमुक पोटशाखा’ असे छापवून घेणाऱ्या पालकांना आम्ही एवढीच कथा सांगतो; ती पुरेशी स्पष्ट आहे.

आज भारतात त्यांची संख्या काही हजारांवर आली आहे, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. कोकणातील मंदिरांत प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणे कठीण जाते. इकडे इस्रायलमध्ये लोद, दिमोना, बीरशेबा या गावी मराठी बोलली जाते आणि मलिदा होतो. गंमत पाहा: येथे असताना शनिवार त्यांस वेगळे करी, मलिदा शेजाऱ्यांशी जोडी. तेथे शनिवार साऱ्या देशाचाच. त्यांची निराळी ओळख आता मलिदा सांगतो.

आता आपण. इंद्रायणीच्या पलीकडे चाकण आहे. परंपरेने ते संताजी महाराजांचे गाव; आज तेथे मोटारी तयार होतात. तेथल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आपली मुले आहेत, मुलीही आहेत, आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. घाणा गेला म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. घाण्यामागे फिरून कोणाचे कल्याण झाले असे आम्हांस वाटत नाही. परंतु घाण्याबरोबर सोमवारही गेला, आणि तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारच का? तो दत्ताचा वार म्हणून नव्हे. सर्व भागांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून सुट्ट्या वाटून दिल्या, त्यांत या भागाच्या वाट्यास गुरुवार आला. मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नाने रविवार मिळाला, तेव्हा तो खंडोबाचा वार आहे असे तरी म्हणता आले. गुरुवार आपल्याला विजेच्या तारेने दिला. आणि त्या दिवशी आपण काय करतो? गाडी धुतो, बाजार करतो, आणि घरातील चौघे चार भ्रमणध्वनींत डोके घालून बसतो. बैलाची झापड निदान सोमवारी उतरत असे.

शुक्रवारची संध्याकाळ पाळा असे आम्ही म्हणत नाही; ती त्यांची आहे. सोमवार पुन्हा बंद ठेवा असे म्हणण्यातही अर्थ नाही. कारखाना ऐकणार नाही. पण सोमवारची सायंकाळ कारखान्याच्या ताब्यात नसते, निदान घरातील एका माणसाची तरी नसते. तिन्हीसांजेला तेलाचा दिवा (मेणबत्ती नव्हे, आपण तेली आहोत), हरिपाठाचे काही अभंग, ज्याला पाळी आहे त्याच्यासाठी ताट झाकून ठेवणे, आणि धाकट्याला एक प्रश्न विचारण्याची मोकळीक: एवढे अर्ध्या तासात होते. काहींच्या घरी आजही होत असेल. आमच्या घरी गेली काही वर्षे होत आहे. सून बाहेरगावी नोकरीस असूनही दिवा कोणी लावावयाचा यावरून घरात वाद होत नाही. ज्याचा हात मोकळा तो लावतो.

एक विनंती करून आम्ही रजा घेतो. हाएम सॅम्युएल किहीमकर नावाच्या गृहस्थांनी आपल्या जमातीच्या साऱ्या चालीरीती, सणांची मराठी नावे, घाण्याच्या आठवणी वृद्धांकडून गोळा करून १८९७ मध्ये लिहून काढल्या. ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, चाळीस वर्षांनी, ते हयात नसताना. आज आम्ही जे सांगितले त्यातील पुष्कळसे त्या कष्टांमुळेच जगाला ठाऊक आहे. आपल्यात असे कोणी केलेले नाही. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांत वडील स्त्रीजवळ बसून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: आपला घाणा कोणत्या गावी होता, कोणत्या वारी बंद असे, त्या दिवशी बैलाला काय घालीत, घरात काय शिजे, दिवा कोण लावी. अक्षर वाकडे असले तरी चालेल. कागदावर गावाचे नाव मात्र अवश्य घालावे, आणि पुढील स्मरणिकेसाठी तो आषाढीपूर्वी संस्थेच्या कार्यालयात पोचता करावा.